दहा ओळी

सुनीतीने ‘अतिशय रमणीय’ या दोन शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि वही टेबलावरून तनयाकडे सरकवली.

“हे कुठे पाहिलंस?”

“काय?”

“अतिशय रमणीय. तिथे नेमकं काय होतं?”

तनया वहीकडे पाहत राहिली. चौथीच्या वर्गाला ‘आमची सहल’ या विषयावर पंधरा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या आणि तिने त्या निबंधाच्या पुस्तकातून जशाच्या तशा उतरवल्या होत्या. निसर्गाची मुक्तहस्ते उधळण होती, पाखरांचा किलबिलाट होता, शेवटी तो दिवस स्मरणात कायमचा कोरलाही गेला होता. सहल प्रत्यक्षात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेली होती.

“वाघ झोपला होता,” ती शेवटी म्हणाली. “आम्ही सगळे ओरडलो तरी उठला नाही. येताना बसमध्ये एकीला उलटी झाली. मग बाईंनी विचारलं, कोणाच्या डब्यात लिंबाचं लोणचं आहे. अकरा जणांच्या डब्यात निघालं.”

“हे लिही.”

“हे निबंधात चालतं?”

“माझ्याकडे चालतं.”

ही जुलैतली गोष्ट. सुनीती कॅम्पातल्या एका विमा कंपनीच्या कचेरीत दाव्यांचे अर्ज तपासायची. गाडी कशी आदळली, गोदामाला आग कशी लागली, हे लोकांनी आपल्या हाताने लिहून दिलेलं ती चौदा वर्षं वाचत आली होती. तेवढ्या वाचनातून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. ज्याचं खरोखर काही गेलेलं असतं, तो वेळ सांगतो, बाजू सांगतो, तेव्हा पायात काय होतं तेही सांगतो. ज्याला काही लपवायचं असतं, तो शब्द सजवतो. अर्जात ‘होत्याचं नव्हतं झालं’ असं आलं की ती चष्मा पुसायची आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागायची.

तेव्हापासून घरात नवा नियम झाला. शाळेतून आल्यावर, खेळायला जाण्याआधी किंवा आल्यानंतर, तनयाने दहा ओळी लिहायच्या. विषय नाही, शीर्षक असलं तर असलं. त्या दिवशी डोळ्यांनी जे दिसलं तेवढंच लिहायचं. किती वाजता, कोण, काय केलं. एकदा तिने लिहिलं, ‘आज मुरांब्याची बरणी फुटली.’

“कोणी फोडली?” सुनीतीने विचारलं.

“फुटली.”

“बरण्या आपोआप फुटत नाहीत. वाक्यात माणूस असू दे.”

तनयाने खोडलं आणि लिहिलं, ‘आज मी मुरांब्याची बरणी फोडली.’ मग ती आईच्या तोंडाकडे पाहत बसली. सुनीतीने ओळीखाली बरोबरची खूण केली आणि मुरांब्याविषयी चकार शब्द काढला नाही.

पुष्करला हे सगळं गमतीचं वाटायचं. तो खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायचा, आणि गेल्या वर्षापासून पुण्याच्या कडेला मांजरी गावातल्या त्यांच्या या सोसायटीचा सेक्रेटरी होता. म्हणजे कोणालाच व्हायचं नव्हतं म्हणून झाला होता.

“पोरीला निबंध शिकवतेस की पंचनामा?” तो एकदा म्हणाला.

“निबंधात खोटं लिहिलं तर मार्क मिळतात,” सुनीती म्हणाली. “पंचनाम्यात मिळत नाहीत.”

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बाल्कनी सोसायटीच्या मागच्या अंगाला. खाली कंपाउंडची भिंत, भिंतीत एक लोखंडी फाटक, फाटकापलीकडे कच्चा रस्ता आणि मग ऊस. तनया रोज तिथे पाट घेऊन बसायची. सहा महिन्यांत तिच्या दोन वह्या भरल्या. सुनीती त्या कचेरीतून आल्यावर चहा पिता पिता वाचायची आणि काही ओळी तिला दुसऱ्या दिवशी बसमध्येही आठवायच्या. ‘सीतारामकाका खुर्चीवर बसून उजव्या बुटातला खडा काढत होते. खडा सापडला नाही. त्यांनी बूट परत घातला.’ ‘समोरच्या काकू फोनवर बोलताना तुळशीची पानं खुडतात. आज फोन लांबला.’ शाळेतल्या बाईंनी वहीवर शेरा मारला होता, ‘निरीक्षण चांगले. थोडे सुविचार घालावेत.’ सुनीतीने खाली सही केली आणि सुविचारांचं मनावर घेतलं नाही. आपल्याला हे काम नीट जमतंय, असं तिला वाटत होतं, आणि ते खरंही होतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी दुर्गाबाई हरवल्या.

दुर्गाबाई तळमजल्यावर राहायच्या, त्यांचा मुलगा आनंद आणि सून रुपाली यांच्याकडे. मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या. नवरा गेल्यावर आनंदने त्यांना दोन वर्षांपूर्वी इथे आणलं होतं. वय अठ्ठ्याहत्तर. अलीकडे त्यांना माणसं ओळखू यायची पण दिवस ओळखू यायचे नाहीत. एकट्या बाहेर पडू नयेत म्हणून घरचे जपायचे, आणि गेटवरचा वॉचमन सीतारामही जपायचा.

त्या संध्याकाळी सुनीती सात वाजता घरी आली तेव्हा सगळी सोसायटी खाली उतरलेली होती. मोठ्या गेटच्या कॅमेऱ्यात दुर्गाबाई कुठेच दिसत नव्हत्या. कोणी गच्चीवर पाहत होतं, कोणी पार्किंगमध्ये. गर्दीत उभी असलेली तनया आनंदला म्हणाली, “काका, मागे बघा ना. उसाकडे.” पाऊण तासाने त्या सापडल्या. उसाच्या कडेला, बोअरच्या चौथऱ्यावर बसल्या होत्या. एक चप्पल नव्हती आणि तळव्याला चार टाके पडतील एवढी जखम होती.

मागचं फाटक नुसतं लोटलेलं होतं. कुलूप जागेवर नव्हतं. त्याच्या दोनच किल्ल्या होत्या, एक सीतारामकडे आणि एक सेक्रेटरीकडे.

शुक्रवारी सकाळी आनंद पुष्करकडे आला. त्याचे डोळे सुजले होते, पण आवाज शांत होता.

“हा माणूस उद्या इथे दिसता कामा नये.”

सीताराम जिन्याशी उभा होता. “साहेब, मी त्या अंगाला गेलोच न्हाई,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण दर थोड्या वेळाने, जो समोर येईल त्याला.

“तू गेला होतास ना मागून?” सुनीतीने घरात आल्यावर पुष्करला विचारलं. गुरुवारी घरून काम करताना त्याला अचानक ऑफिसला जावं लागलं होतं. कच्च्या रस्त्याने गेलं की मोठा वळसा वाचायचा.

“गेलो ना. पण लावून गेलो. नेहमी लावतो.” तो लॅपटॉपवरून नजर न उचलता म्हणाला. रविवारी सभा होती आणि तो सुरक्षा एजन्सीला द्यायच्या पत्राचा मसुदा करत होता.

सुनीतीला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुष्कर सहसा खोटं बोलत नसे.

शनिवारी दुपारी सवड मिळाल्यावर तिने तनयाची राहिलेली पानं वाचायला घेतली. गुरुवारच्या पानावर शीर्षक होतं, ‘सायंकाळची शोभा’.

‘सायंकाळ ही अतिशय मनमोहक असते. सूर्यनारायण आपले सोनेरी किरण आवरून घेतो. पक्षी आपापल्या घरट्याकडे परततात. निसर्ग आपल्याला शिस्त शिकवतो. आपणही निसर्गाकडून शिकावे.’

सुनीतीला आधी हसू आलं. मग तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पाचही ओळींत एक माणूस नव्हता. शुक्रवारच्या पानावर ‘शिस्तीचे महत्त्व’ होतं. तिने वही उभी धरली. मधल्या पिनेपाशी एक पान सैल होऊन बाहेर आलं होतं. त्याचं जोडीचं पान कोणीतरी फाडलं होतं.

गर्दीतली तनया तिला आठवली. उसाकडे बघा म्हणाली होती. तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, पोर हुशार आहे.

तनया बाल्कनीत पाटावर बसली होती. पेन्सिल हातात होती, वही नव्हती. सुनीती तिच्याशेजारी फरशीवरच बसली.

“गुरुवारचं वाचलं.”

“चांगलं नाही का?”

“चांगलं आहे. तुझं नाही.”

तनया पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर टेकवत राहिली.

“फाडलेलं पान टाकून दिलंस?”

तिने मान हलवली. नाही. मग तिने विचारलं, “खरं लिहिलं आणि ते वाईट असलं तर?”

सुनीतीने नुसता हात पुढे केला. तनया उठून आत गेली आणि भूगोलाच्या पुस्तकातून चार घड्या घातलेला कागद घेऊन आली. तो आईच्या मांडीवर ठेवून तिने भिंतीकडे तोंड केलं.

‘गुरुवार. सहा वाजून दहा मिनिटं. बाबांनी फाटक उघडलं. गाडी बाहेर काढली. फाटक लावायला बाबा परत उतरले तेव्हा त्यांचा फोन वाजला. बाबा बोलत बोलत आले. त्यांनी फाटक ओढलं. कुलूप दुसऱ्या हातात होतं. ते तसेच बोलत गाडीत बसले आणि गेले. कुलूप पण गेलं. मग थोड्या वेळाने दुर्गाआजी आल्या. त्यांनी फाटक ढकललं. त्या बाहेर गेल्या. मला वाटलं फिरायला चालल्या. मी आजींना हाक मारली नाही.’

सुनीतीने पान त्याच घड्यांवर दुमडलं, मग आणखी एकदा दुमडलं. आता ते मुठीत मावत होतं. हे त्या दोघींखेरीज कोणाला माहीत नव्हतं. ज्याने केलं त्यालाही नाही. आनंद पोलिसांत जायचं म्हणत होता. ती मूठ मिटून कठड्याशी उभी राहिली. खाली कोपऱ्यातल्या नळाशी सीताराम आपला गणवेश धूत होता. त्याने तो पिळला, झटकला, आणि भिंतीवर पसरून बाह्या हाताने सरळ केल्या. एजन्सीला परत करायचा असावा.

सुनीतीने मूठ उघडली.

“बाबांना काढतील?” तनयाने मागून विचारलं.

“सेक्रेटरीपदावरून काढतील. सुटेल बिचारा.”

तनया हसली नाही. “आणि मी?”

“ते मी कसं सांगू? हाक मला मारायची नव्हती,” सुनीती म्हणाली. “दुर्गाआजींना मारायची होती. त्यांनाच विचारू.”

पुष्करने पान उभ्या उभ्या वाचलं. एकदा वाचून त्याने ते टेबलावर ठेवलं, गाडीची किल्ली घेतली आणि खाली गेला. दहा मिनिटांनी तो वर आला तेव्हा त्याच्या हातात कुलूप होतं. ड्रायव्हरच्या सीटखाली, पायपुसण्याच्या मागे सरकलेलं.

“मी शपथेवर सांगितलं असतं,” तो म्हणाला. “लावलं म्हणून.”

“माहितीये.”

“त्या माणसाला दोन दिवस मी...” त्याने लॅपटॉप उघडला, जुना मसुदा पुसला आणि नवा लिहायला बसला. थोड्या वेळाने स्क्रीन तिच्याकडे वळवली.

‘काही अपरिहार्य घाईमुळे मागील फाटक अनवधानाने उघडे राहिले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

सुनीतीने ते वाचलं. तिने स्क्रीनला हात लावला नाही, फक्त टेबलावरचं पेन्सिलीत लिहिलेलं पान उचलून त्याच्या शेजारी ठेवलं. पुष्कर एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिला. मग त्याने लॅपटॉप मिटला.

रविवारी सकाळी अकरा वाजता पार्किंगमध्ये सभा भरली. खुर्च्या तीस, माणसं पन्नास. पुष्करच्या हातात कागद नव्हता.

“गुरुवारी सव्वासहाच्या सुमाराला मी मागच्या फाटकातून गेलो,” तो म्हणाला. “मी फाटक ओढलं, पण कुलूप लावलं नाही. मी फोनवर बोलत होतो. कुलूप काल माझ्या गाडीत सापडलं. सीतारामचा यात काही संबंध नाही. मी आनंदची आणि सीतारामची माफी मागतो. सेक्रेटरी म्हणून मी राजीनामा देतोय.”

सगळ्यांच्या नजरा आनंदकडे. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे बाळ आगाशे, निवृत्त मुख्याध्यापक, घसा खाकरून म्हणाले, “बसा आता. इतकं स्वच्छ मराठी या सोसायटीत पहिल्यांदाच बोललं गेलं. पचायला जरा वेळ लागेल.”

आनंद उठला. पुष्करच्या समोरून तो पुढे गेला, त्याच्याकडे न पाहता, आणि मागे खांबाला टेकून उभ्या असलेल्या सीतारामपाशी थांबला. तो काय म्हणाला ते पुढच्यांना ऐकू आलं नाही. सीतारामचं मात्र आलं.

“माझी माय असती तर मी बी बोललो असतो, साहेब.”

पुष्करशी आनंद त्या दिवशी बोलला नाही. पोलिसांतही गेला नाही.

दुपारी सुनीती तनयाला घेऊन तळमजल्यावर गेली. रुपालीने दार उघडलं, क्षणभर दोघींकडे पाहिलं आणि बाजूला झाली. दुर्गाबाई बँडेज केलेला पाय स्टुलावर ठेवून मटार सोलत होत्या.

“आजी, मी एक लिहिलंय. तुमचं आहे,” तनया म्हणाली.

“माझं? वाच.”

तनयाने वाचलं. आवाज सुरुवातीला बारीक होता, मग सरळ झाला. दुर्गाबाईंचे हात शेंगांवर थांबले.

“हे फाटक ढकललं ते मी?”

“हो.”

“मला कोणी सांगतच नाही,” त्या म्हणाल्या. “विचारलं की आनंद म्हणतो, जाऊ दे आई. पायाला टाके माझ्या, आणि ते कसे पडले हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक. पुन्हा वाच.”

तनयाने पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळीशी आल्यावर ती अडली, पण थांबली नाही. “मी आजींना हाक मारली नाही.”

दुर्गाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या वेळी त्यांची नजर अगदी लख्ख होती.

“मारायची होती, पोरी,” त्या म्हणाल्या. “मी थांबले असते की नाही, काय माहीत. पण मारायची होती.”

“हो,” तनया म्हणाली.

“पुढच्या वेळी मार.”

“मारीन.”

“बरं. पुढचं वाच.”

“पुढचं नाहीये. रस्ता उसाआड वळतो, तिथून पुढचं आमच्या बाल्कनीतून दिसत नाही.”

“मला दिसलं ना,” दुर्गाबाई म्हणाल्या. “मी सांगते. लिही.”

तनयाने पान उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. दुर्गाबाई मटाराचं ताट बाजूला सारून सांगू लागल्या. फाटकातून निघाल्यावर कडुनिंबाचं मोठं झाड लागलं. तिथून घाटाच्या पायऱ्या. पायऱ्यांवर त्यांची आई लुगडं धूत बसली होती आणि पाठमोरीच म्हणाली, उशीर केलास. खाली वैनगंगा. पाणी उतरलेलं, वाळू दिसत होती.

सुनीती स्वयंपाकघराच्या दारात रुपालीजवळ उभी होती. मागच्या फाटकापलीकडे कच्चा रस्ता होता, बोअरचा पंप होता, ऊस होता. कडुनिंब नव्हता. नदी तर नव्हतीच. रुपालीने खाली पाहिलं.

तनयाची पेन्सिल कागदावर अधांतरी थांबली होती. तिने मान वळवून आईकडे पाहिलं. सहा महिने दहा ओळींचा जो नियम चालला होता, डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं, तो तिला नीट पाठ होता.

सुनीती पुढे आली. खुर्ची ओढून बसली, बाजूला सारलेलं ताट मांडीवर घेतलं आणि एक शेंग सोलायला घेतली.

तनया पुन्हा दुर्गाबाईंकडे वळली.

“आजी, चालताना नदी कोणत्या हाताला होती?”

“डाव्या,” दुर्गाबाई लगेच म्हणाल्या.

तनयाने लिहून घेतलं.